पापलेट : एका नावाआड दडलेले दोन मासे

१/ सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘सिल्व्हर पापलेट’ला राज्य माशाचा दर्जा दिला. सातपाटीसारख्या बंदरांची ओळख ज्या माशाशी जोडली गेली आहे, त्याचा हा गौरव होता. या माशाची शास्त्रीय ओळख मात्र अवघ्या चार वर्षांपूर्वी बदलली होती. तोवर अनेक दशके तो दूरच्या समुद्रातील एका भावंडाच्या नावाने नोंदला जात होता.

२/ ‘पापलेट’ हा शब्द मूळचा मराठी नाही. द्राक्षवेलीच्या पानाशी संबंधित ‘पाम्पानो’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. माशाचा चपटा, रुंद आकार पाहिला की ही व्युत्पत्ती पटते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या डच प्रवासी लिन्शोटेनने तेथील उत्तम माशांत ‘पाम्पानो’ची गणना केली आहे. पोर्तुगीजांकडून हा शब्द इंग्रजीत ‘पॉम्फ्रेट’ झाला आणि आपल्या किनाऱ्यावर ‘पापलेट’ म्हणून रुळला.

३/ हा मासा ओळखावा कसा? शरीर उंच आणि दोन्ही बाजूंनी चपटे. तोंड लहान. खवले इतके बारीक की हात लागताच निघून येतात. पाठीवरचा व पोटाकडचा पर पुढे कोयत्यासारखा वाकलेला. शेपटी दुभंगलेली, तिची खालची पाती अधिक लांब. सर्वांत पक्की खूण म्हणजे पूर्ण वाढलेल्या माशाला पोटाखालच्या परांची जोडी नसते.

४/ बाजारात शेजारी मांडला जाणारा हलवा ‘काळे पापलेट’ म्हणवला जातो. पण तो पापलेटच्या कुळातला नव्हे. १७९५ मध्ये जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी त्याला पापलेटच्याच प्रजातीगटात बसवले होते. पुढे त्याचे स्थान ‘कॅरँजिडी’ या वेगळ्या कुळात ठरले. हलव्याच्या शेपटीजवळ टणक खवल्यांची जी खरखरीत धार असते, ती पापलेटला नसते. दिसण्यातले साम्य म्हणजे नाते नव्हे, हा धडा येथे पहिल्यांदा मिळाला.

५/ चंदेरी पापलेटचा गुंता अधिक सूक्ष्म होता. १७८८ मध्ये स्वीडिश अभ्यासक युफ्रासेन यांनी चीनमधील पर्ल नदीच्या मुखाजवळच्या माशाचे वर्णन करून त्याला ‘आर्जेन्टियस’, म्हणजे चंदेरी, असे नाव दिले. आज हा मासा ‘पाम्पस आर्जेन्टियस’ म्हणून ओळखला जातो.

६/ १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, हे नाव दिले. परंतु दोन्ही मासे दिसायला इतके सारखे की पुढील अभ्यासकांनी ते एकच मानले. नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव टिकते. त्यामुळे ‘कँडिडस’ मागे पडले आणि अरबी समुद्रातल्या पापलेटलाही चिनी किनाऱ्यावरचे नाव चिकटले.

७/ २०१९ मध्ये भारतीय मत्स्यशास्त्रज्ञांनी शरीररचना आणि डीएनए यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय समुद्रातील चंदेरी पापलेट ही स्वतंत्र प्रजाती असल्याचे त्यात दाखवले गेले. ‘पाम्पस कँडिडस’ हे जुने नाव १९० वर्षांनी पुन्हा वापरात आले.

८/ हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. मासा किती लांबीचा झाल्यावर अंडी घालतो, कोणत्या महिन्यांत घालतो, किती वेगाने वाढतो, यांवरच मासेमारीचे नियम ठरतात. दोन प्रजाती एका नावाखाली राहिल्या, तर एकीची मोजमापे दुसरीला लावली जाण्याचा धोका असतो. नोंद चुकली की नियमही चुकतो.

९/ पापलेटच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. डोल जाळ्यांत पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात. एकदाही अंडी न घातलेला मासा बाजारात येतो आणि पुढच्या हंगामाचे बीजच संपते. २०२३ मध्येच महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित केला. तो याच कारणासाठी.

१०/ किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने हा मासा पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या स्पर्शाने ओळखला. शास्त्राला तीच ओळख कागदावर नेमकी मांडायला दोन शतके लागली. आता नाव बरोबर आहे आणि मानही मिळाला आहे. जाळ्यातल्या पिल्लाला मोठे होण्याची संधी मिळाली, तरच त्या दोहोंना अर्थ राहील.