सहकारी संशोधन, निदान चाचणी आणि बौद्धिक संपदा : एड्स रक्तचाचणीच्या फ्रेंच-अमेरिकी वादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय संशोधन हे एका प्रयोगशाळेचे कार्य राहिले नाही. नमुने, पेशी व माहिती यांची देवाणघेवाण हा त्याचा पाया बनला. मात्र अशा संशोधनातून विक्रीयोग्य निदान चाचणी निर्माण झाल्यावर तिच्या स्वामित्वाचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे ठळक ऐतिहासिक उदाहरण म्हणजे एड्सच्या रक्तचाचणीचा वाद होय. प्रस्तुत निबंधात त्याचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) वादाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) 1987 च्या तडजोडीचे स्वरूप व परिणाम तपासणे.

पार्श्वभूमी :
पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक मोंतान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीतून नवा विषाणू वेगळा केला. त्याच वर्षी त्याचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेस पाठवण्यात आले. सप्टेंबरमधील नमुना स्वीकारताना, लेखी संमतीशिवाय त्याचा व्यापारी उपयोग केला जाणार नाही, अशा करारावर तेथे स्वाक्षरी झाली होती. पुढे हाच कागद वादाचा केंद्रबिंदू ठरला.

पाश्चर संस्थेने डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. 23 एप्रिल 1984 रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी गॅलो यांच्या शोधाची घोषणा केली व त्याच दिवशी अमेरिकी अर्जही दाखल झाला. नंतरचा असूनही हा अर्ज 28 मे 1985 रोजी मंजूर झाला. फ्रेंच अर्ज मात्र प्रलंबितच राहिला. तत्पूर्वी मार्च 1985 मध्ये ॲबट कंपनीच्या चाचणी संचास परवाना मिळाला होता. रक्तपेढ्यांतील प्रत्येक बाटली तपासणे आवश्यक ठरल्याने या चाचणीची बाजारपेठ फार मोठी होती.

येथे गॅलो यांच्या गटाचे योगदान नाकारता येत नाही. विषाणू सातत्याने वाढवता येईल अशी पेशीमालिका त्यांनी विकसित केली. त्यामुळे चाचणीसाठी लागणारा विषाणू मोठ्या प्रमाणात तयार करणे शक्य झाले. थोडक्यात, विषाणूचा प्रथम शोध एकीकडे आणि उत्पादनक्षम तंत्र दुसरीकडे, अशी स्थिती होती.

तडजोड आणि तिचे परिणाम :
डिसेंबर 1985 मध्ये पाश्चर संस्थेने करारभंगाच्या मुद्द्यावर अमेरिकी न्यायालयात दावा दाखल केला. अखेर 31 मार्च 1987 रोजी अध्यक्ष रेगन व पंतप्रधान शिराक यांनी तडजोड जाहीर केली. दोन्ही पक्षांस सहसंशोधकत्व मिळाले. प्रत्येकाने आपल्या स्वामित्वधनातील 20 टक्के स्वतःकडे ठेवून 80 टक्के एका संयुक्त प्रतिष्ठानात जमा करावेत, त्यातील चतुर्थांश रक्कम विकसनशील देशांतील एड्सविषयक कार्यास द्यावी व उर्वरित समान वाटावी, असे ठरले. ही विभागणी वरवर समान भासते. परंतु अमेरिकी विक्री अधिक असल्याने राखून ठेवलेल्या 20 टक्क्यांचा लाभ अमेरिकेस अधिक झाला.

आपल्या प्रयोगशाळेतील विषाणू पाश्चरच्या नमुन्यातूनच आल्याचे गॅलो यांनी 1991 मध्ये मान्य केले. त्यानंतर 1994 मध्ये फ्रान्सचा वाटा वाढवण्यास अमेरिकेने संमती दिली. 2008 चे नोबेल पारितोषिक बारे-सिनूसी व मोंतान्ये यांना (हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्यासह) मिळाले. गॅलो यांचा त्यात समावेश नव्हता.

भारतातही 1986 मध्ये तत्कालीन मद्रास येथे या विषाणूच्या संसर्गाचे पहिले पुरावे रक्तचाचणीतूनच मिळाले. ज्या देशांचा वादाशी संबंध नव्हता, त्यांनाही त्याच चाचणीवर अवलंबून राहावे लागले, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
१) नमुना देतानाचा करार पुरेसा नसतो, त्यातून निर्माण होणाऱ्या उत्पन्नाची वाटणीही आधीच निश्चित होणे आवश्यक आहे.
२) पेटंट कार्यालयाचा निर्णय व शोधाचा वैज्ञानिक क्रम एकच असतील असे नाही.
३) राजकीय तडजोडीने न्यायालयीन वाद मिटतो, परंतु श्रेयाचा प्रश्न मिटत नाही, तो येथे सात वर्षांनी पुन्हा उघडावा लागला.
४) स्वामित्वधनाचा काही भाग गरजू देशांसाठी राखून ठेवण्याची तरतूद ही या वादातील सर्वांत अनुकरणीय बाब होय.