लिव्हरपूलचा भाव आणि वर्धेकाठचा कापूस

‘इंग्लंडची अर्थव्यवस्था आणि तिचे हिंदुस्थानाशी व्यापारी संबंध’ हा विषय ऐकून अल्लीपूरच्या श्रोत्यांस वाटेल की, या गोष्टी फार दूरच्या. त्यांचा आपल्या शिवाराशी काय संबंध? वस्तुतः संबंध फार निकटचा आहे. या गावाभोवतीची काळी जमीन, हिंगणघाटची कापूसपेठ, वर्धेहून दक्षिणेकडे गेलेला लोहमार्ग, यांतील प्रत्येक गोष्टीच्या इतिहासात लँकेशायरच्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो. तो कसा, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम इंग्लंडची त्या काळची स्थिती ध्यानी घ्यावी. त्या देशात कापसाचे एक बोंडही पिकत नाही. तरीसुद्धा 1860 च्या सुमारास त्याच्या निर्यातीतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक माल सुती कापड व सूत यांचाच असे. लँकेशायर परगण्यात चार लाखांहून अधिक माणसे गिरण्यांत राबत होती आणि त्यांना लागणारी बहुतेक रुई, पाचांतील सुमारे चार हिस्से, अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. तेथे ती गुलामांच्या श्रमावर पिकत होती. एवढा प्रचंड धंदा, पण त्याचा कच्चा माल परक्याच्या शेतात, ही त्या वैभवाची दुबळी बाजू होती. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांस ती ठाऊक नव्हती असे नाही. रुई अन्य देशांतून मिळावी म्हणून त्यांनी 1857 मध्ये एक मंडळही काढले होते. परंतु अमेरिकेची रुई स्वस्त व लांब धाग्याची मिळत असता आपल्याकडची आखूड व कचरायुक्त रुई कोण घेणार?

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लिव्हरपूलच्या धक्क्यावर रुईच्या गाठी येईनाशा झाल्या. गिरण्या थंडावल्या. 1862 च्या अखेरीस पाच लाखांच्या घरात माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. या आपत्तीला तिकडे ‘कापसाचा दुष्काळ’ असेच नाव पडले.

तेव्हा इंग्लंडला आपली आठवण झाली. 1860 साली त्या देशाच्या एकूण रुईपैकी जेमतेम सातवा हिस्सा हिंदुस्थानातून जाई. 1862 साली तो तीन चतुर्थांशांवर गेला. अमेरिकन रुईचा लिव्हरपूलमधील भाव पौंडास सहा-सात पेन्सांवरून 1864 मध्ये तीस पेन्सांच्या आसपास चढला आणि त्यामागोमाग आपल्या रुईचाही भाव वाढला. हिंदुस्थानातून गेलेल्या रुईची किंमत 1860-61 साली सात कोटी रुपयांच्या आसपास होती, ती 1864-65 साली सदतीस कोटींवर पोहोचली. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांच्या जुगारात शहाणीसुरती माणसे बुडाली. युद्ध संपले आणि 1865 च्या जुलैत तो फुगा फुटला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले आणि 1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. म्हणजे कापसाचा हा सलग पट्टा युद्धापूर्वी काही वर्षेच त्यांच्या हाती पडला होता. 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. त्यापूर्वी येथील कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापुरास जाई. वाटेत धूळ, पाऊस, मोडलेल्या गोण्या! इंग्लंडला तातडीने हवा असलेला माल अशा वाटेने पोहोचणे कठीणच होते.

म्हणून रेल्वे आली. पण केव्हा? मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपुरास पोहोचला. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे जाणारा फाटा त्यानंतरच्या दशकातला. अमेरिकेतील युद्ध तर 1865 मध्येच संपले होते. ज्या टंचाईमुळे सारी घाई झाली, ती रेल्वे येण्याआधीच सरली होती. भाव उतरले, मात्र चढत्या भावाच्या भरवशावर वाढविलेला कापसाचा पेरा आणि त्यासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज कायम राहिले. ऋणको शेतकरी माल राखून ठेवू शकत नाही. तो हंगामाच्या तोंडाशी, मिळेल त्या भावाने विकतो.

या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस खात्याचे आयुक्त म्हणून रिव्हेट-कारनॅक हे अधिकारी नेमले होते. माणूस उद्योगी. बियाणे सुधारावे, भेसळ थांबावी, बाजार नीट भरावेत, यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. पण त्यांच्या 1868-69 च्या अहवालात एक आशा व्यक्त झाली आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग येथे सुताला लागणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीस मिळतील, असा तो हिशेब. कोष्ट्यांचा माग आणि जाडेभरडे कापड विणणाऱ्या महारांचा माग या हिशेबात अडगळ ठरले. एका हाताने रुई न्यावयाची, दुसऱ्या हाताने कापड आणावयाचे आणि मधला विणकर रोजंदारीवर उभा करावयाचा, अशी ही व्यापाराची रीत होती. त्या अधिकाऱ्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. तो आपल्या देशाचे हित पाहत होता. आपले हित पाहणारा त्या कचेरीत कोणी नव्हता, एवढेच.

हिंगणघाटच्या बणी कापसाची गोष्टही अशीच आहे. त्याचा धागा मऊ व लांब. ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात मानाने घेतले जाई. पण बणीचा उतारा कमी, म्हणजे मणभर कापसातून रुई थोडी निघे. हलक्या जातीचा धागा आखूड, पण रुई अधिक. चांगल्या धाग्यास पुरेसा चढा भाव मिळेना, तेव्हा शेतकरी वजनाकडे वळला आणि बणी मागे पडली. शेतकऱ्याने आपले नाव घालविले, असा दोष पुष्कळांनी दिला. आम्ही म्हणतो, बाजाराने जे विकत घेतले तेच त्याने पिकविले.

या संबंधातून आपणांस काहीच लाभ झाला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच रेल्वेच्या आधाराने 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि पुढे हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या निघाल्या. कापूस पिकतो तेथेच सूत निघावे, ही कल्पना मोलाची होती. पण लँकेशायरला ती रुचली नाही. 1882 मध्ये विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यात आली. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ती पुन्हा बसविणे भाग पडले, तेव्हा 1896 मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर लादला गेला. तो 1926 पर्यंत काही निघाला नाही.

शेवटी काळाचे चक्र फिरले. 1913 साली इंग्लंडने सुमारे सात अब्ज वार कापड परदेशी विकले. त्यातले तीन अब्ज वार एकट्या हिंदुस्थानात खपले. ज्याचे एवढे गिऱ्हाईक एकाच घरात, तो त्या घरावर अवलंबून असतो. आपल्या गिरण्या, जपानची स्पर्धा आणि स्वदेशीची चळवळ यांनी ते गिऱ्हाईक तुटले. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेन येथे गेले आणि त्यांनी तेथील बेकार कामगारांस भारतातील त्याहून मोठ्या बेकारीची हकिगत सांगितली. त्या कामगारांनी त्यांचे स्वागतच केले. पुढे तेच गांधीजी आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामास राहिले आणि जेथून रुई निर्यात व्हावी म्हणून कातणाऱ्या हातांना रजा देण्याचा बेत झाला होता, तेथेच चरखा पुन्हा फिरू लागला.

जुलै 2025 मध्ये भारत व ब्रिटन यांनी नव्या व्यापारी करारावर सह्या केल्या. आपल्या कापडावरील व तयार कपड्यांवरील ब्रिटनमधील जकात उठावी, अशी तरतूद त्यात आहे. रुईऐवजी कापड तिकडे जाणार, ही उलटलेली बाजू पाहून आनंद वाटतो. तथापि त्या कापडाच्या किमतीतील किती हिस्सा हिंगणघाटच्या बाजारात गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात पडतो, हा प्रश्न 1865 इतकाच आजही विचारला पाहिजे. अडचणीपोटी आलेला गिऱ्हाईक अडचण सरताच जातो. तो जाईल त्या दिवशी आपल्या माणसांजवळ माल राखण्याची ऐपत, तो विणण्याचे काम आणि भाव ठरविण्यात आवाज असला पाहिजे. वर्धेकाठच्या कापसाचा इतिहास आम्हांस तरी हेच शिकवतो.