चाकोरी, रूळ आणि स्पेसर: दोन चाकांमधील अंतराचा इतिहास

१/ स्प्रिंगा बदलून जमिनीलगत आणलेल्या मोटारीची चाके बॉडीच्या आत दबल्यासारखी दिसतात. ती बाहेर काढण्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची चकती बसवतात. तिला स्पेसर म्हणतात. ही हौस नवी असली, तरी दोन चाकांत अंतर किती असावे, हा प्रश्न जुना आहे. श्रीरामपूर परिसराने त्याची तीन उत्तरे पाहिली आहेत. 🧵

२/ पहिले उत्तर बैलगाडीचे. लोखंडी धाव बसवलेली चाके मातीत दोन खोल रेघा पाडत. तीच चाकोरी. ज्या गाडीच्या चाकांमधले अंतर वेगळे, तिचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे बाहेर राही. अंतर सुतार एकटा ठरवत नसे, वाटही ठरवत असे. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला.

३/ दुसरे उत्तर लोहमार्गाचे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यावरील बेलापूर स्थानकाभोवती श्रीरामपूर वाढले. स्थानकाचे नाव आजही बेलापूरच आहे. रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर.

४/ लॉर्ड डलहौसीला ६ फूट हवे होते. ५ फूट ६ इंच ही तडजोड होती. १८७० नंतर सरकार खर्च वाचवण्यासाठी मीटरगेजकडे वळले. तरीही हा मार्ग रुंदच राहिला, कारण दोन्ही टोके जीआयपी रेल्वेच्या ब्रॉडगेजला मिळत होती. अंतर बदलले असते, तर दोन्हीकडे माल उतरवून पुन्हा भरावा लागला असता.

५/ तिसरे उत्तर शेतातले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला आणि पुढे ट्रॅक्टर आले. पिकाच्या ओळी तुडवल्या जाऊ नयेत म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचे अंतर बदलता येते: रिम आणि डिस्क उलटसुलट जोडायच्या. फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये हे अंतर चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलत असे.

६/ स्पेसरही हेच करतो. प्रत्येक बाजूला २० मिलिमीटरची चकती घातली, की अंतर ४० मिलिमीटरने वाढते. भेद एवढाच, की ट्रॅक्टरचा आस आणि बेअरिंग हा बदल गृहीत धरून घडवलेले असतात. मोटारीचे तसे नसते.

७/ चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरील तरफ लांबते, स्टिअरिंगची ओढ बदलते. गाडी आधीच खाली आणलेली असेल, तर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. म्हणून जाडी ठरवताना आधी ती मोकळी जागा मोजावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवूनही.

८/ पातळ चकतीत मूळचेच स्टड वापरले जातात. १० मिलिमीटरची चकती नटाच्या वाट्याचे १० मिलिमीटर आटे खाते. स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड उरावी, असा ठोकताळा आहे: १२ मिलिमीटरचा स्टड आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील, तर किमान आठ पूर्ण फेरे. तेवढे बसत नसतील, तर लांब स्टड हवेत किंवा स्वतंत्र स्टड असलेला जाड स्पेसर.

९/ चकतीचे मधले भोक हबवर नेमके बसावे, नाहीतर चाक थरथरते. हबवरचा गंज आधी खरवडावा. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

१०/ कायद्याचे बंधनही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते बंधन अधोरेखित केले. त्यामुळे चकती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

११/ बैलगाडीचे अंतर वाटेने ठरवले, रेल्वेचे जोडमार्गांनी, ट्रॅक्टरचे पिकाने. प्रत्येक वेळी चाकाबाहेरच्या कुणाचा तरी विचार झाला होता. केवळ दिसण्यासाठी ठरवलेल्या अंतराचा भार मात्र चार-पाच स्टडना एकट्याने वाहावा लागतो. (समाप्त)