विमा कामगाराची चिठ्ठी

आजाऱ्याची माहिती एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे कशी जावी, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली; मुंबईस ती १९५४ साली आली. तेथे कामगाराने यादीतला डॉक्टर निवडावा, त्याने इस्पितळाच्या नावे चिठ्ठी द्यावी, अशी रीत पडली. दोघांमधला दुवा ती चिठ्ठी, आणि ती वाहणारा आजारी माणूसच! आमच्या सातपूर-अंबडातल्या एकाची चिठ्ठी पावसात भिजली. तपासण्या पुन्हा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी क्रमांकाने नोंदी जोडायच्या, तेही रुग्णाच्या संमतीने. सोय मोठीच. पण कंत्राटी मजुराची संमती मुकादमासमोर घेऊ नये, एवढे आम्ही प्रत्येक सभेत सांगत असतो.