खडकातला जीव: मत्स्यालयातील ‘जिवंत खडक’ आणि दीडशे वर्षांचा धडा



आजचा विषय एका दगडाचा आहे. उष्ण समुद्रातल्या प्रवाळभित्तीजवळून काढलेला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून विमानाने आलेला दगड. खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणारी मंडळी याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. आपण जिवंत खडक म्हणू. खरं तर हा खडक म्हणजे प्रवाळांचे जुने सांगाडे, चुनखडीचे, स्पंजासारखे सच्छिद्र. त्याच्या अंगावर शेवाळं, स्पंज, कृमी, बारीक खेकडे आणि डोळ्यांना न दिसणारे अगणित जिवाणू राहतात. म्हणून ‘जिवंत’.

पण खोकं उघडलं की पहिल्यांदा येतो तो सडक्या मासळीचा वास. ज्याला जिवंत म्हणतात त्याला मेल्याचा वास यावा, हा काय प्रकार? हा खडक थेट मत्स्यालयात ठेवत नाहीत. आधी काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवतात. इंग्रजीत त्याला ‘क्युअरिंग’ म्हणतात. आपल्याकडे स्लॅबवर पाणी मारण्यालाही क्युअरिंगच म्हणतात, बरं का. आम्हाला मात्र लोणच्याचा शब्द जास्त बरा वाटतो: मुरवणं. खडक मुरवणं म्हणजे खडक स्वच्छ करणं नव्हे, हे आज आम्हाला सांगायचं आहे. आणि हे कळायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं का लागली, तेही पाहायचं आहे.

सजीव आणि निर्जीव यांच्यातली रेघ समुद्रात पुसट होते, हे फार जुनं निरीक्षण आहे. ॲरिस्टॉटलने लेस्बॉस बेटाच्या परिसरात समुद्री जीव न्याहाळले आणि नोंदवलं, की निसर्ग निर्जीवाकडून सजीवाकडे इतक्या बेताबेताने सरकतो, की सीमा नेमकी कुठे ते सांगता येत नाही. उदाहरण म्हणून त्याने स्पंजासारखे खडकाला चिकटलेले जीव घेतले. पण ते जीव समुद्रातच होते. समुद्र घरात आणायचा म्हटलं, की प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा राहत नाही. पाणी नासतं.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावाहून काही प्रवाळ लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मोठे धर्माधिकारी. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा मागवणं अवघड, म्हणून त्यांनी एक युक्ती केली. घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी समुद्री वनस्पती त्यात ठेवल्या. त्यांचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. आज ज्याला आपण पंप म्हणतो, तो तेव्हा एका मुलीचा दंड होता. इतिहासात बाईंचं नाव राहिलं, त्या मुलीचं नाही.

१८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. हिशोब सरळ होता: वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील. पण वनस्पतीची पानं कुजली आणि पाणी गढूळलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. आमच्या मते त्या निबंधातलं मोठं पात्र गोगलगाय आहे. देणारा आणि घेणारा, एवढ्या दोघांवर संसार चालत नाही. मेलेलं खाणारा तिसरा लागतो.

त्यानंतर वेड पसरलं. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचत होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघर झाला. लोक हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर उतरले. अर्धशतकानंतर, १९०७ साली, गॉसच्या मुलाने आपल्या आठवणींत खंत नोंदवली, की वडिलांच्या पुस्तकांनी ज्या किनाऱ्यांची गोडी लावली, तेच किनारे हौशी लोकांनी ओरबाडून उजाड केले. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे लागेल.

घरात मात्र बहुतेकांचं पाणी नासतच राहिलं. उत्तर मत्स्यालयात सापडलं नाही, ते सापडलं गटारात. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू पाझरवलं. पहिले सुमारे वीस दिवस काही घडलं नाही. मग सांडपाण्यातला अमोनिया जाऊन त्याचं नायट्रेट होऊ लागलं. त्यांनी क्लोरोफॉर्म सोडला, क्रिया थांबली. म्हणजे हे नुसतं रसायन नव्हे. नळीत कोणी तरी जिवंत होतं! माती धुतलेलं पाणी घातल्यावर क्रिया पुन्हा सुरू झाली. १८९० मध्ये विनोग्राड्स्की याने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. वॉरिंग्टनच्या गोगलगायीच्या मागे उभा असलेला चौथा गडी हा.

पण ज्ञान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेळ लागतो. १९६१ साली जकार्ता इथले ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्राचं ताजं पाणी, समुद्रातून आणलेले जीवांसकट दगड, थोडे हवेचे बुडबुडे, बस्स. गाळणी वगैरे काही नाही. त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते. त्यांच्या दृष्टीने दगड ही सजावट नव्हती. दगड हीच गाळणी होती. खडकाच्या पृष्ठभागावर, जिथे प्राणवायू आहे तिथे, अमोनियाचं नायट्रेट होतं. आत खोल छिद्रांत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी याच खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची, म्हणजे प्रोटीन स्किमरची, जोड दिली आणि ‘बर्लिन पद्धत’ जगभर गेली.

आता अडचण बघा. एंग यांच्या घरापासून समुद्र जवळ होता. बर्लिनपासून प्रवाळभित्ती हजारो किलोमीटर दूर. दगड पाण्याबाहेर दिवसचे दिवस राहतो. स्पंज मरतात, कृमी मरतात, शेवाळं मरतं. मुरवण्याची गरज इथे निर्माण झाली. ही अंतराने लादलेली विद्या आहे.

ती विद्या थोडक्यात अशी. खोकं आल्याबरोबर उघडावं, खडक मोठ्या टबात मिठाच्या पाण्यात हलवून धुवावा. नळाच्या गोड्या पाण्यात धुवू नये, वाचलेलेही मरतात. पांढरा बुरसा धरलेले, काळे पडलेले, बुळबुळीत स्पंज चिमट्याने आणि ताठ ब्रशने काढावेत. हातमोजे आणि चष्मा घालावा. खडक उकळण्याचं धाडस कधीही करू नये: काही झोॲंथिड जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याच्या वाफेने घरंच्या घरं आजारी पडली आहेत. मग खडक झाकणाच्या टबात, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, पाणी जोरात खेळतं, स्किमर चालू आणि दिवा बंद; उजेड दिला तर नको ती शेवाळं माजतात. खिडकी उघडी ठेवावी, घरच्यांच्या शांततेसाठीसुद्धा!

आता थांबायचं. अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतो, मग दोन्ही उतरतात. इथे एक खरा पेच आहे. मेलेलं सडू दिलं तर जिवाणूंना खाद्य मिळून ते वाढतात; पण त्याच अमोनियाने खडकातले वाचलेले जीव मरतात. पाणी बदलत राहिलं तर ते जीव वाचतात, पण काम लांबतं. चांगला माणूस दुसरी वाट धरतो. अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी बदलतो, दर आठवड्याला खडक हलवून गाळ काढून टाकतो आणि दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकेपर्यंत मासा घेत नाही. याला दोन ते सहा आठवडे लागतात. श्लोझिंग-म्युंट्झ यांचे वीस दिवस आठवतात ना? जिवाणूंची वाढ तेव्हाही घाईने होत नव्हती, आजही होत नाही.

म्हणजे खडक ‘तयार’ झाला हे डोळ्यांनी ठरत नाही. दिसायला तो आधीपेक्षा भुंडा झालेला असतो. दिसणारं पुष्कळ मेलेलं असतं. न दिसणाऱ्यांनी ते मरण पचवलेलं असतं. या न दिसणाऱ्यांची ओळखही आपल्याला नीट नव्हती. कित्येक दशकं मत्स्यालयाची पुस्तकं नायट्राइट खाणाऱ्याचं नाव नायट्रोबॅक्टर सांगत होती. १९९८ साली तपासणीत मत्स्यालयात ते काम नायट्रोस्पायरा हा दुसराच करताना आढळला. नाव चुकीचं होतं, पण ज्यांनी धीर धरला त्यांचे मासे जगले.

आता गॉसच्या मुलाकडे परत येऊ. खडक मुरवताना जे मेलं, ते कुठलं होतं? भित्तीवरचं. ओहोटीला लोखंडी पहारीने खडक सुटा करतात, तेव्हा माशांचा आसरा आणि लाटांना असलेला बांध थोडाथोडा निघून जातो, आणि तो पुन्हा घडण्याचं माप माणसाच्या आयुष्याचं नाही. फ्लोरिडाने आपल्या पाण्यातला उपसा १९८९ मध्ये बंद केला, तिथल्या संघीय समुद्रात १९९७ पासून बंदी आली. मात्र साधा चुनखडीचा दगड समुद्रात ठेवून त्यावर जीव वाढवून तो काढायला परवानगी राहिली. फिजी हा मोठा निर्यातदार, त्याने २०१७ अखेर निर्यात थांबवली. आपल्याकडे २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथून मूठभर खडक खिशात टाकणं ही हौस नाही, गुन्हा आहे.

मग हौस सोडायची का? नाही. कोरडा चुनखडीचा दगड किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे घ्यावेत, त्यांवर जिवाणू सोडावेत, चिमूटभर खाद्य टाकावं आणि वाट पाहावी. हा दगड पहिल्या दिवशी निर्जीवच असतो. आठवडे जातात, आकडे चढतात, उतरतात, आणि एक दिवस तो जिवंत म्हणायच्या लायक होतो. त्यावर रंगीबेरंगी स्पंज नसतील, हे खरं. पण भित्तीवरचा खडक आणून मुरवणाऱ्यालाही जे शेवटी हातात राहतं, ते बहुतांशी हेच असतं. फरक एवढाच, की इथे आधी काही मारावं लागत नाही.

आता आपण प्रश्न घेऊ.