नरकाविषयीचा एक प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बालसाहित्यात मुलांचे मृत्यू थोडेथोडके नाहीत. मात्र तेथे मृत्यू बहुधा बोधासाठी येतो. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’मधील (१८६८-६९) बेथ श्रद्धेने, शांतपणे निरोप घेते. मागे राहिलेल्यांचे दुःख खरे असते. पण देवाच्या न्यायाविषयीची शंका हा त्या कादंबरीचा विषय होत नाही.

अमेरिकी कुमार-कादंबरीत ही शंका ठळकपणे पुढे आली ती १९७०च्या दशकात. ज्यूडी ब्लूमच्या ‘आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट’ची (१९७०) नायिका ज्यू वडील आणि ख्रिस्ती घरातील आई यांची मुलगी. घरात धर्म कोणताच पाळला जात नाही. ती निरनिराळी प्रार्थनास्थळे पाहून येते, पण तिचे देवाशी बोलणे एकांतातच चालते. रागावल्यावर ते ती बंदही करते. मात्र तिने मृत्यू जवळून पाहिलेला नाही.

ती कसोटी कॅथरीन पॅटरसनच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’त (१९७७) लागते. पॅटरसन १९३२ साली चीनमध्ये मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मली. पुढे तिने स्वतः जपानमध्ये मिशनरी म्हणून काम केले. १९७४ साली तिच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली. त्या आघातातून ही कादंबरी आली.

कादंबरीत लेस्ली ईस्टरला जेसच्या कुटुंबाबरोबर चर्चमध्ये जाते. बायबल न मानणाऱ्याला देव नरकात धाडतो, अशी जेसच्या धाकट्या बहिणीला भीती आहे. लेस्लीला ते पटत नाही. पुढे ओढ्यावरचा दोर तुटून लेस्ली दगावते आणि तो पोरकट वाटलेला प्रश्न जेसला छळू लागतो. त्याचे उत्तर धर्मोपदेशक देत नाही. जेसचे कष्टकरी, अबोल वडील सांगतात की देव लहान मुलींना नरकात पाठवत नाही. श्रद्धा येथे नाकारलेली नाही. भयाच्या हातून काढून ती मायेच्या हाती दिली आहे. मिशनऱ्याच्या लेकीने हे लिहावे, याला वेगळे मोल आहे. अखेरीस जेस ओढ्यावर पूल बांधतो आणि बहिणीला पलीकडे नेतो. लेस्ली परत येत नाही. पण बहिणीला दोराला लोंबकळावे लागत नाही.

‘ब्रिज टू टेराबिथिया’ला १९७८ साली न्यूबेरी पदक मिळाले. तरीही १९९०च्या दशकात अमेरिकी ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत या दोन्ही कादंबऱ्या होत्या. पॅटरसनच्या कादंबरीवरील एक आक्षेप असा, की तीत देवाचे नाव हलकेपणाने उच्चारले जाते. वडिलांसमोर उभ्या जेसचा प्रश्न ज्याने वाचला आहे, त्याला हा आक्षेप पटणे कठीण.