जो कधी नव्हताच, त्याचं घर

इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टर या बाजाराच्या गावी कधी गेलात, तर साउथ स्ट्रीटवर विटांची एक जुनी इमारत शोधा. पाटी सांगते, कॅस्टरब्रिजचा महापौर इथे राहत असे म्हणतात. आता गंमत बघा. कॅस्टरब्रिज म्हणजे थॉमस हार्डीने कादंबरीतल्या डॉर्चेस्टरला दिलेलं नाव, आणि महापौर हा त्याच्या १८८६च्या कादंबरीचा नायक. असा माणूस झालाच नाही!

मग सगळंच कल्पित? इथेच आपण घसरतो (मीही घसरलोय). त्याच कादंबरीत सुरुवातीला नवरा बायकोला जत्रेत विकतो. अशक्य वाटतं ना? पण हार्डीने स्थानिक वृत्तपत्राचे १८२०च्या दशकातले अंक चाळून टिपणवही भरली होती, आणि तिच्यात बायको विकल्याच्या बातम्या आहेत. म्हणजे अविश्वसनीय प्रसंगाला कागद आहे, पटण्यासारख्या घराला नाही.

तेव्हा प्रबंधात जुन्या धान्यबाजारासाठी ही कादंबरी थेट उद्धृत करणार असाल, तर आधी त्या काळची वृत्तपत्रं काढा. कादंबरी १८८०च्या दशकात मागे वळून पाहणाऱ्याची. पाटी तर त्याहून नंतरची. ती गावाला स्वतःची कोणती ओळख हवी होती, एवढंच सांगते. तिघींना एकाच तळटीपेत कोंबू नका.